कूलर बंद करून घेतलेले गाणे

मे महिन्यातील त्या दुपारी नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्यात आमचे चित्रीकरण चालू होते आणि मी ध्वनिमुद्रक होतो. ज्या संगीतिकेवरून चित्रपट होत होता, तिच्यात गद्य संवाद एकही नाही. आई मुलाला ‘जेवलास का?’ एवढेच विचारते, तेही सुरांत. नाट्यगृहात हे खटकत नाही, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी सूर लांबवावाच लागतो. कॅमेरा मात्र चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

गाणी आधीच ध्वनिमुद्रित झाली होती. फ्रेंच दिग्दर्शक ज्याक देमी यांनी १९६४ मध्ये संपूर्ण गायलेला चित्रपट याच पद्धतीने केला आणि तो सुंदर आहे. पण तिथे भिंतींचे रंगही गाण्यासारखे रचलेले आहेत. आमच्या वाड्याच्या भिंतींचे पोपडे खरे होते. सात टेक झाले, ओठ अचूक जुळले, तरी शब्दाआधी आईचे काम करणाऱ्या ताईंची छाती भरत नव्हती, गळ्याची शीर ताणली जात नव्हती, आणि ती उणीव मला कानांनी नव्हे, डोळ्यांनी कळत होती.

२०१२ च्या ‘ले मिझेराब्ल’ या चित्रपटात नट सेटवरच गायले, पियानोची साथ त्यांच्या कानात होती, वाद्यवृंद नंतर चढवला गेला. मी दिग्दर्शकांना म्हणालो, “सर, ताईंना इथेच गाऊ द्या.” त्यासाठी चारही कूलर बंद करावे लागले, नागपूरच्या मे महिन्यात हे मागणे किती जड आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पेटीवाले मागच्या खोलीत बसले, त्यांचे सूर ताईंच्या इअरपीसमध्ये दिले. लय ताईंचीच राहणार होती, त्यामुळे दोन टेकचे तुकडे एकमेकांना जुळणार नव्हते. म्हणून दोन कॅमेरे एकदम लावले.

तिसऱ्या टेकला ‘का’वरचा सूर, जो रंगमंचावर चार मात्रा टिकतो, श्वासासरशी तुटला. मागच्या खोलीतली पेटी थांबली. मुलाचे काम करणाऱ्या नटाने मान खाली घातली आणि कितीतरी वेळाने, जवळजवळ कुजबुजत, आपली ओळ उचलली.

“सूर सुटला जी माझा, पुन्हा घेऊ या,” ताई म्हणाल्या.

संगीतकारांनी हेडफोन काढला, नको म्हणून हात हलवला आणि वहीतल्या त्या चार मात्रा पेन्सिलने खोडल्या.