तपकिरी बदकांपाशी अडलेली सकाळ

परतीच्या वाटेवरचे पाहुणे पक्षी बघायला मार्चच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात गेले. तिकीट, चापडगावचा मनोरा, दुर्बीण, सगळं विनासायास झालं. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणी उथळ झालंय, त्यामुळे बदकांची चंगळ असते. थापट्या चोचीवरून, तलवार बदक शेपटीवरून, चक्रवाक त्याच्या भगव्या रंगावरून पटापट ओळखता आले.

अडलं ते एका तपकिरी थव्यापाशी. त्यात भुवई बदकं किती आणि चक्रांग किती? दोघांच्याही माद्या लहान आणि तपकिरी. भुवई बदकाच्या मादीच्या डोळ्यातून गडद रेघ जाते, गालावर आणखी एक असते आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा साधा, पण शेपटीच्या कडेला फिकट रेघ. हे दिसायला पक्ष्याने डोकं तर वर काढायला हवं! सगळा थवा चोची पिसांत खुपसून झोपलेला. ही बदकं बरंचसं खाणं रात्री उरकतात. मधूनच एखादा डोळा उघडायचा, पुन्हा मिटायचा. मी हटले नाही.

थवा जरा चाळवला, तेवढ्यात काठावरच्या एका टोळक्याने टाळ्या पिटल्या. का, तर फोटोत उडते पक्षी हवेत! सगळी बदकं भर्रकन उठून पार पलीकडे जाऊन बसली. तो राग अजून उतरलेला नाही. या दिवसांत पक्षी उत्तरेकडच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. त्यांना उगाच उडवलं की तीच शिदोरी खर्च होते. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलेल्या ठिकाणी हे चालावं? मी त्या मंडळींना तोंडावर सुनावलं.

मग पुन्हा वाट पाहणं. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळीच दिसतात. शेवटी एकाने मान काढली आणि पंख ताणला. खांद्याकडचा भाग निळसर राखाडी, डोळ्यावरून मानेपर्यंत उतरलेली पांढरीशुभ्र भुवई! हिवाळ्यात बराच काळ भुवई बदकाचे नरही माद्यांसारखेच तपकिरी असतात, भुवई उमटते ती साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत. म्हणून डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये जा. त्याच्या शेजारची मादीही मग गालावरच्या रेघेसकट नीट बघता आली. इतका आनंद मला रोहित (फ्लेमिंगो) बघूनही झाला नव्हता.

आणि हो, उजाडतानाच पोचा, तेव्हा बरीच बदकं जागी असतात. कुणी टाळ्या पिटताना, दगड भिरकावताना दिसलं तर तिथल्या तिथे अडवा. ऐकलं नाही तर वनरक्षकाला बोलवा. पुढच्या वेळी मी थेट तेच करणार आहे.