आईच्या गालावरची कापसाची वात

गेल्या वर्षी आईच्या उजव्या गालातून अशी कळ उठायची की तोंडावर पाण्याचा हबका बसला तरी ती गाल धरून खाली बसे. दाढेचे दुखणे समजून एक दाढही काढून झाली होती. अखेर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या दुखण्याचे, निदान झाले, कार्बामाझेपिनच्या गोळ्यांवर काही महिने निभले आणि मग शस्त्रक्रिया झाली. कानामागून कवटी उघडून, मज्जातंतूवर दाब आणणारी रक्तवाहिनी सोडवून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवला गेला.

कळ थांबली तेव्हा आम्हांला वाटले, काम संपले. डॉक्टरांनी मात्र दुसऱ्या दिवशी आईला डोळे मिटायला सांगून कापसाची वात आणि बोथट टाचणी कपाळ, गाल आणि हनुवटी अशा तीन ठिकाणी, प्रत्येक वेळी डाव्या बाजूशी ताडून, टेकवली, कारण हा मज्जातंतू तीन फाट्यांनी चेहऱ्यावर पसरतो आणि शस्त्रक्रियेनंतर बधिरता आली असेल तर ती कोणत्या फाट्यात आहे हे कळणे महत्त्वाचे असते. जबड्याच्या कोनावरची त्वचा मानेतल्या मज्जातंतूंकडे असते, हे मला तेव्हाच समजले.

मला सर्वांत मोलाची वाटली ती डोळ्याची तपासणी. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला बाजूने कापसाचा तंतू लावला की दोन्ही डोळे मिटायला हवेत. दोन्ही मिटले नाहीत तर संवेदना हरवली आहे, आणि फक्त दुसऱ्या बाजूचाच मिटला तर दोष तंतू लावलेल्या बाजूच्या, चेहरा हलवणाऱ्या सातव्या मज्जातंतूत आहे. डोळा बधिर राहिला तर त्यात कण गेलेला कळत नाही आणि नकळत जखम होते. म्हणून वेदना गेल्याच्या आनंदात ही तपासणी कोणी राहू देऊ नये, असे मी कळकळीने सांगते. दात आवळून चावण्याचे स्नायू चाचपले, तोंड उघडताना जबडा एका बाजूला वळतो का ते पाहिले, आणि ऐकण्याचा आठवा मज्जातंतू शेजारीच असल्याने श्रवणचाचणीही झाली.

बधिरतेसाठी डॉक्टर अमेरिकेतल्या बॅरो इन्स्टिट्यूट या मेंदूविकार संस्थेची चार पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. आई दुसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे बधिरता आहे पण तिचा त्रास नाही. बुबुळाची तपासणी आम्ही डॉक्टरांवरच सोपवतो. गालाची मात्र मी दर रविवारी देवघरातली कोरडी वात घेऊन करते आणि बधिर भाग कागदावर रेखाटते. पहिल्या कागदावर नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला पट्टा कालच्या कागदावर वरच्या ओठापाशी रुपयाएवढा उरला आहे. तेथे भाताचे शीत चिकटले तर अजून आम्हांलाच सांगावे लागते.