समोरचं टेबल : लंडनमधला एक दिवस

लंडनमधला शेवटचा दिवस. राजवाडा झाला, पूल झाले, नदी झाली. ताईला म्हटलं, आज फक्त पुस्तकांची दुकानं. माझी ही आतेबहीण बारा वर्षं वेम्ब्लीत राहते आणि पुस्तकं मोबाइलवरून घरी मागवते. तरी लगेच पायात बूट घालून तयार झाली.

सुरुवात पिकॅडिलीवरच्या हॅचर्ड्सपासून. १७९७ सालचं दुकान! इकडे पेशवाई अजून बुडायची होती, तेव्हापासून इथे पुस्तकं विकली जातायत. तिथून चार पावलांवर वॉटरस्टोन्स या देशभर पसरलेल्या साखळीचं अनेक मजली अवाढव्य दुकान, एकेकाळी कपड्यांचं असलेलं. मग चॅरिंग क्रॉस रोडवरचं फॉइल्स, १९०३ मध्ये दोन भावांनी सुरू केलेलं. तीन पाट्या, पण मालक एकच. हॅचर्ड्स कधीपासूनच वॉटरस्टोन्सकडे आहे आणि २०१८ मध्ये फॉइल्सही त्यांनी घेतलं. हे कळल्यावर आधी वाईटच वाटलं. पण तिन्हीकडे दाराजवळच्या टेबलांवर वेगवेगळी पुस्तकं मांडलेली होती. हे कसं काय, याचं उत्तर मॅरिलबोनमध्ये होतं.

मॅरिलबोन हाय स्ट्रीटवरच्या डाँट बुक्समध्ये शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. ओकच्या लाकडाच्या गॅलऱ्या, छतातून झिरपणारा उजेड, आणि पुस्तकं देशांप्रमाणे लावलेली. भारताच्या कपाटात कादंबरी, इतिहास, प्रवासाची माहिती सगळं खांद्याला खांदा लावून. तिथे माझा पाऊण तास गेला. जेम्स डाँट यांनी १९९० मध्ये हे दुकान काढलं आणि २०११ मध्ये डबघाईला आलेल्या वॉटरस्टोन्सची सूत्रं त्यांच्याकडे आली. तोवर तिथे मोक्याच्या टेबलावरची आणि खिडकीतली जागा प्रकाशकांना पैसे घेऊन दिली जायची. कोणतं पुस्तक पुढे ठेवायचं ते मुख्य कार्यालय ठरवणार, देशभर तेच ढीग लागणार, आणि न खपलेले गठ्ठे परत जाणार. डाँट यांनी तो पैसा घेणं बंद केलं आणि शाखेतल्या माणसांना सांगितलं, तुमच्या गावाला काय वाचायचंय ते तुम्ही ठरवा. साखळी तगली. २०१९ पासून अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या साखळीचा कारभारही तेच बघतात.

मला यात छोट्या दुकानाचा विजय दिसतो. मोठ्याला जगायचं होतं, तर छोट्याची रीत उचलावी लागली.

पण याच वॉटरस्टोन्सने २०१४ मध्ये साउथवोल्ड या किनाऱ्यावरच्या गावात 'साउथवोल्ड बुक्स' या नावाने दुकान उघडलं आणि पाटीवर स्वतःचं नाव लावलं नाही. हे मला पटत नाही. रीत उचला, पण ओळख उसनी घेऊ नका. आपण शेजाऱ्याकडून घेतोय अशा समजुतीने गिऱ्हाईक दारात येतं, त्या विश्वासावर वर्षानुवर्षं दुकान चालवणारी माणसं वेगळी असतात.

त्यांचे हाल आधीच कमी झालेले नाहीत. १९०० पासून ब्रिटनमध्ये प्रकाशक ठरवेल त्याच किमतीला पुस्तक विकायचा करार होता. १९९५ मध्ये तो मोडला. सुपरमार्केटं दुधाच्या पिशवीशेजारी गाजलेली पुस्तकं अर्ध्या किमतीत देऊ लागली, पाठोपाठ इंटरनेट आलं. १९९५ मध्ये संख्येने जवळपास १,९०० असलेली, कोणत्याही साखळीत नसलेली स्वतंत्र दुकानं २०१६ पर्यंत ९०० च्या आत आली. नंतर मात्र आकडा पुन्हा हजारावर गेला. पुण्यात आमच्या गल्लीतलं दुकान बंद झालं तेव्हा दुकानदार काका शेवटची पुस्तकं बांधत होते. "हे तुझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं," म्हणून त्यांनी हातात दिलेलं पुस्तक मी अजून जपलंय. त्यामुळे हा वाढलेला आकडा मला फार मोलाचा वाटतो.

दुपारी प्रिमरोज हिलला गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर घेतलं. पुढे दादरला 'राजगृह' बांधताना ज्याने आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्या माणसाचं हे विद्यार्थिदशेतलं घर. दारासमोर आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या उभ्या होतो.

तिथून चालत प्रिमरोज हिल बुक्स. एवढंसं दुकान, अंग चोरून फिरायचं. मला हवं असलेलं पुस्तक नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी ते संगणकावर शोधलं आणि म्हणाल्या, उद्या येईल. इथे घाऊक विक्रेते एका रात्रीत छोट्या दुकानांना पुस्तक पोचवतात. एवढ्याशा जागेतही गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणावं लागत नाही, ते त्यामुळे.

"मी उद्या सकाळीच विमानात असेन," मी म्हटलं.

तेवढ्यात ताई पुढे झाली. "माझं नाव लिहून घ्या. मी येऊन नेईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आधी मी वाचते, मग तुला पाठवते." आणि निघायच्या आधी तिने स्वतःसाठी आणखी एक पुस्तक सांगून ठेवलं.