गच्चीवरचा दुधी

"ताई, हा पण पिवळा पडला बघा." टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला आलेले वॉचमनकाका आज वेलापाशी थांबले.

दुधीच्या मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढा दुधी आधीच असतो. हिरवा, लवदार. फुलाला पराग मिळाले नाहीत की तो पिवळा पडून गळतो. त्यात हे फूल उमलतं दिवेलागणीला, मधमाश्या परतायच्या वेळी. मग भिस्त रात्रीच्या पतंगांवर. पुण्यात पाचव्या मजल्यावर, एवढ्या झगमगाटात ते कुठून यायचे?

काकांनी एक नर फूल खुडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि आतला पुंकेसर मादी फुलात हलकेच फिरवला.

"गावाकडं हे कुणी करत नाही ताई. आपलं आपण होतं."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. काकडी, दोडका, कारलं, सगळ्यांचं असंच. परागीभवन करणारं कुणी आलं तरच फळ. काकडी-कारल्याला दिवसा मधमाशी लागते, म्हणून मी कुंड्यांच्या कडेने तुळस आणि झेंडू लावलाय. आणि गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत जिन्याच्या खिडकीवरचं पोळं फवारा मारून संपवलं. खाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. लहान मुलं आहेत, भीती मलाही समजते. पण पोळं न मारता हलवणारी माणसं याच शहरात आहेत. १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थाही इथेच आहे. निदान विचारायचं तरी!

तुमच्या सोसायटीत पोळं दिसलं की कुणाला बोलावतात?