आमची वाटचाल: आडतीच्या हिशेबातून एजंटच्या टूलपर्यंत

लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत दुकानांना, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्यांना, हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देणं, हा आमचा धंदा. आवक, सौदा, काटा (मालाचं वजन), हमाली-तोलाई, शेतकऱ्याने घेतलेली उचल आणि शेवटी हिशेबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याला किती पैसे निघतात त्याचा कागद. नोटबंदीनंतर बँकेतून पैसे देण्याचं प्रमाण वाढलं, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि लाल वहीशिवाय कशालाच हात न लावणारे मुनीमजीही कॉम्प्युटरसमोर बसले. जाहिरात आम्ही कधी केली नाही. एका गाळ्यात सॉफ्टवेअर बसलं की शेजारचे शेठ आपण होऊन बोलवायचे. तसंच उदगीर झालं, अहमदपूर झालं, आणि हळदीमुळे वसमतला पोचलो.

मॅन्युअल मात्र कुणी उघडलं नाही. अडलं की फोन! सोयाबीनच्या हंगामात, दसरा ते दिवाळी, सपोर्टच्या ताईंना जेवायलाही उसंत नसे. कोण कट्टा (पोतं) किती किलोचा धरतो, कुणाकडे हमाली नगावर आणि कुणाकडे क्विंटलवर, सगळं त्यांच्या तोंडपाठ. कागदावर यातलं काहीच नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

अडायला लागलं ते ग्राहकच म्हणू लागले तेव्हा, की व्हॉट्सॲपवर बोलून विचारलं तर तुमच्या सॉफ्टवेअरने उत्तर द्यावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि सॉफ्टवेअर एआय एजंटला, म्हणजे माणसाचं बोलणं समजून दुसरं सॉफ्टवेअर स्वतः चालवणाऱ्या एआयला, जोडायची एक समान पद्धत मिळाली. जोडणीचं काम आमच्या पोरांनी लवकर उरकलं. वेळ गेला तो लिहिण्यात.

एजंटला आपला कोड दिसत नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधलं जे एकेक काम त्याला चालवता येतं, ते म्हणजे टूल. त्याच्या हाती येतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशा स्वरूपात द्यायची याचा जेसन स्कीमा. कोणतं टूल चालवायचं, हे तो तेवढ्यावरच ठरवतो. परजिल्ह्यातून आजच कामाला आलेला हुशार मुनीम समजा: बेरीज-वजाबाकी चोख, पण या दुकानाची रीत ठाऊक नाही.

आमच्या पट्टीच्या टूलचं पहिलं वर्णन होतं, ‘पट्टी तयार करते.’ प्रोग्रामरला ते पुरेसं होतं. ताईंनी ते वाचलं आणि फोनवर सांगतात तसं लिहून दिलं: ‘शेतकऱ्याच्या मालाची हिशेबपट्टी तयार करते. सौदा ठरून काटा झाल्यावरच वापरा. वजन क्विंटलमध्ये द्या. कट्ट्यांची संख्या वजन म्हणून देऊ नका. नुसता भाव विचारला असेल तर हे टूल नको, भाव पाहण्याचं टूल वापरा. पट्टी पक्की झाली की बदलत नाही, दुरुस्ती उलट नोंदीने होते.’ टूल कधी वापरू नये हे सांगणारं वाक्य सगळ्यात जास्त कामाचं ठरलं, आणि असं वाक्य प्रोग्रामरला सहसा सुचत नाही. तेव्हापासून वर्णनाचा पहिला मसुदा ताईंचा, स्कीमा पोरांचा.

एररचंही तेच. सॉफ्टवेअर आधी फक्त ‘४२२’ असा आकडा परत करायचं. आता म्हणतं, ‘ज्ञानोबा नावाचे एकाहून जास्त खातेदार आहेत. गाव विचारा आणि पुन्हा शोधा.’ एजंट ते वाचतो आणि खरंच गाव विचारतो. एररचा मजकूर हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगतो.

टूलं मात्र वाढवली नाहीत, उलट कमी केली. खातं शोधणं, बाकी पाहणं आणि उचल पाहणं अशी तीन टूलं होती, त्यांचं एकच केलं. सगळ्या टूलांची वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीसोबत एजंटमागच्या एआय मॉडेलकडे जातात आणि त्यांच्या टोकनचे (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं त्यांचे) पैसे पडतात. देवनागरीला बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून वर्णनं साध्या इंग्रजीत ठेवली. आडत, उचल, पट्टी हे शब्द मात्र तसेच राहिले, प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत दिला. (ताईंचं मराठी कच्चं लिखाण आम्ही जपून ठेवलंय, माझ्या मते ते जास्त चांगलं आहे.)

एमसीपीत टूलवर खुणा करता येतात: हे फक्त वाचतं, हे नोंद मोडू शकतं. त्या निव्वळ सूचना आहेत. त्यांच्या भरवशावर तिजोरी उघडी ठेवायची नसते. पट्टी पक्की करायची परवानगी आमचा सर्व्हर तपासतो, आणि शेठनी स्वतः मोबाइलवर होकार दिल्याशिवाय पुढे जात नाही. एका दाळमिलच्या मालकांना हा होकार जाचक वाटतो. त्यांनी तो बंद करायला सांगितला. आम्ही नाही म्हणालो. ते अजून ग्राहक आहेत.

वर्णनातला शब्द बदलला की ग्राहकांच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधले प्रश्न, नावं काढून, एजंटपुढे ठेवतो. ‘काल सोयाबीन काय भावानं गेली?’ ‘माझी किती बाकी निघते?’ कोणत्या प्रश्नाला कोणतं टूल उचललं, एवढंच पाहायचं. चुकलं तर आधी वर्णनाला हात लावायचा, कोडला नंतर.

सध्या वसमतचं काम चालू आहे. हळदीत गट्टू (गोल गड्डा) आणि कांडी (लांब बोटासारखी) वेगळी, भाव वेगळे. सोयाबीनसाठी लिहिलेलं तिथे जसंच्या तसं चालत नाही. त्यासाठी ताई तिथल्या मुनीमजींशी रोज फोनवर बोलतात. या वेळी त्या विचारतात आणि समोरचे सांगतात.