पोपायचं तोंड बंद होतं

जुन्या फिल्मचा आवाज साफ करणं हे माझं काम. टकटक, खरखर, मध्येच खाल्लेला शब्द. कार्टून तसं क्वचितच येतं. त्या सोमवारी एका संग्राहकांची १६ एमएमची प्रिंट स्कॅन होऊन आली: न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओचं १९३६चं कार्टून, पोपाय आणि सिंदबाद. रंग उडून समुद्रापासून पालकाच्या डब्यापर्यंत सगळं गुलाबी झालेलं.

पहिल्यांदा बघतानाच खटकलं. पोपाय काहीतरी पुटपुटतोय आणि तोंड मिटलेलं. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, गेलंय, मी ठरवूनच टाकलं. १६ एमएममध्ये आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, सेकंदापेक्षा जरा जास्तच. जुळवताना तिथे घोळ होऊ शकतो. मी अख्खा ट्रॅक दहा फ्रेम मागे सरकवला. तर पुढच्याच मारामारीत ठोसा आधी बसतोय, आवाज नंतर येतोय. परत होता तिथे नेला आणि पुटपुटीचे तुकडे कापून एकेक हलवायला घेतला. जेवायच्या सुट्टीपर्यंत एकोणीस तुकडे झाले. एकही ओठांवर बसेना. बसणार कसा, ओठ हलतच नव्हते.

शेजारच्या स्टुडिओतले निवृत्त रेकॉर्डिस्ट काका दुपारी चहाला येतात. "काका, हे जरा बघा ना."

त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. "गाणं बसतंय?"

"हो."

"ठोसे?"

"तेही."

"मग सिंक गेलं कुठे, अगं? हा मागाहून बोललाय. हिरो पाठमोरा असला की आम्ही नाही का डबिंगला वाक्यं घुसडायचो!"

अगदी तसंच होतं. डिस्नेकडे संवाद आधी रेकॉर्ड करत, मग ते ऐकत ऐकत ओठ काढत. मॅक्स आणि डेव्ह या फ्लायशर बंधूंकडे तेव्हा उलटा कारभार: आधी चित्र पुरं करायचं, मग ते बघत कलाकारांनी बोलायचं. पोपायचा आवाज जॅक मर्सरचा. हा गडी त्याच स्टुडिओत चित्रकामाला होता, नकला करायचा, १९३५मध्ये त्याच्याकडे पोपाय आला. चित्रात मोकळी जागा दिसली की तो स्वतःशीच काहीबाही बडबडायचा. घरातले आजोबा चष्मा शोधताना बोलतात ना, तसं. त्याला ओठ कोण काढून ठेवणार?

एकदा कळल्यावर मी ते कार्टून नुसतं बघत बसले. सिंदबाद गात गात बेटावरून चालतो, तेव्हा त्याच्या मागचे खडक रंगवलेले नाहीत. फिरत्या टेबलावर खरा छोटा देखावा उभा करून, त्याच्यापुढे सेल, म्हणजे पात्र रंगवलेला पारदर्शक कागद, धरून एकेक फ्रेम टिपलेली आहे. गुलाबी प्रिंटमध्येसुद्धा त्या खडकांना खोली दिसते. माझा मात्र अर्धा दिवस गेला होता, तोही न बिघडलेलं दुरुस्त करण्यात.

सगळे एकोणीस तुकडे जागच्या जागी ठेवले. मग मूळ ट्रॅक लावून पाहिला, तर आणखी एक गोष्ट कळली. सकाळी पहिल्याच फेरीत नॉइज रिडक्शननं मर्सरची निम्मी पुटपुट पुसून टाकली होती. सॉफ्टवेअरला ती खरखरच वाटली. परत आणायची तर थोडी खरखरही सोबत घ्यावी लागत होती.

घेतली.