खण, खान आणि खाण

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला, "प्युअर खुन साडी, फक्त चार कलर शिल्लक". अर्थात रोमनमधे होता, के एच यू एन, म्हणायचं होतं खण, आपलं चोळीचं कापड. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मिनिटभरात विचारलं, "कोणाचा?" त्यावर सतरा हसऱ्या तोंडांचे इमोजी पडले, ज्यांनी मेसेज टाकला होता त्या रुसल्या, आणि मी मात्र उठून आजीची ट्रंक उघडली.

आजीच्या ट्रंकेत तीन खण आहेत, कधीच न शिवलेले, ओटीत घालतात तशी त्रिकोणी घडी तशीच. आता ओटीतला खण म्हणजे फिरता माल असतो हे सगळ्यांना माहीत आहे, तुमच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून नणंदेकडे, आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी डोहाळजेवणात तोच खण परत आपल्याच ओटीत. तरी हे तीन आजीने फिरवले नाहीत, म्हणजे काहीतरी असणार. कुठले असतील, कधीचे असतील, हे बघावं म्हणून गुगल केलं तर वीस दुकानं आणि वीसही ठिकाणी तोच पॅरेग्राफ, फक्त फोटोतली मुलगी वेगळी.

मग एका मैत्रिणीने सांगितलं की म्युझियमच्या लायब्ररीत जा. म्युझियमला लायब्ररी असते हेच मला माहीत नव्हतं! लहानपणी शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा पेंढा भरलेला वाघ, ढाली-तलवारी आणि बाहेरचं आईसफ्रूट एवढंच बघितलेलं. पण काचेतल्या प्रत्येक वस्तूखाली ती दोन ओळींची चिठ्ठी असते ना, ती लिहायला कुणीतरी कुठेतरी बसून वीस पुस्तकं चाळलेली असतात, आणि ती पुस्तकं आतल्या बाजूला, जिन्याखालच्या नाहीतर माडीवरच्या एखाद्या खोलीत असतात. मी जाते त्या म्युझियमचं नाव मुद्दाम घेत नाही, मुंबईतलंच आहे, पण तिथे खिडकीजवळ एकच टेबल आहे आणि ते मला शनिवारी रिकामं हवं असतं.

नियम साधे आहेत. पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, पेन बाहेर. फक्त पेन्सिल, कारण शाईचा ठिपका पडला की पडला. पुस्तक घरी न्यायचं नाही, चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा, शिपाईमामा आतून आणून देतात, तिथेच बसून वाचायचं. पहिल्या दिवशी मला हे फार जाचक वाटलं, मी घरी लोळत वाचणारी बाई. पण खरी गंमत नियमांत नव्हतीच, ती कॅटलॉगमधे होती.

कंप्युटरवर मी ऐटीत 'खण' टाइप केलं. रोमनमधे, के एच ए एन, कारण इंग्लिश पुस्तकांची नोंद रोमनमधेच असते. एंटर मारलं आणि आला की अफझलखान! त्याच्यामागे शाहिस्तेखान, मग कुठलेकुठले खानबहादूर, मग अख्खा खानदेश आणि खंडाळा, आणि तळाला खाणींवरचे दोन रिपोर्ट. आपल्याकडे खण, खान, खाण हे तीन वेगळे शब्द आहेत आणि ते उच्चारताना कुणाचाही गोंधळ होत नाही, शाहिस्तेखान ओटीत घाला असं कुणी म्हणत नाही. रोमनमधे तिघेही एका पंगतीला. त्यात भर म्हणजे जुन्या घराचे खण, दोन खणांचं माजघर वगैरे, ते पण त्याच स्पेलिंगखाली, आणि कपाटाचा खण आहेच. अर्धा तास मी वाड्यांच्या बांधकामाबद्दल वाचत बसले, छान होतं, पण कामाचं नव्हतं.

लायब्ररीयन मॅडम लांबून बघत होत्या. शेवटी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपल्या कानाने नका शोधू, साहेबाच्या कानाने शोधा. बॉडिस-क्लॉथ टाका."

आणि तिथून माझी खरी शिकवणी सुरू झाली. जुन्या मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर आहे, जेम्स कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जिल्ह्याजिल्ह्याचे खंड निघाले, पुण्याचाच खंड तीन भागांत आहे, 1885 चा. त्यात प्रत्येक जातीची माणसं काय खातात, काय नेसतात, लग्नात किती खर्च करतात, सगळं आहे, पण लुगडं हा शब्द शोधाल तर दमाल. लुगडं तिथे 'रोब' आहे. नऊवारीला 'फुल मराठा रोब' म्हटलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हायकोर्टाचे जज आले, काष्टा घातलेले. चोळी म्हणजे बॉडिस, खण म्हणजे बॉडिस-क्लॉथ, धोतर म्हणजे वेस्टक्लॉथ, उपरणं म्हणजे शोल्डरक्लॉथ. एकदा ही किल्ली हातात आली की मग भराभर सापडायला लागतं, पण आजीच्या ट्रंकेतल्या वस्तूला आधी मनातल्या मनात साहेबाचं नाव द्यावं लागतं, मगच ती दार उघडते.

साहेबाने आपला शब्द तसाच ठेवला असेल तरी कटकट आहेच. फोर्ब्स वॉटसन म्हणून एक डॉक्टर होता, मुंबईच्या लष्करी वैद्यकीय खात्यात नोकरी केलेला, पुढे लंडनच्या इंडिया म्युझियमला गेला. त्याने 1866 मधे हिंदुस्थानी कापडाचे 700 नमुने कापून 18 खंडांत चिकटवले आणि असे 20 संच तयार केले. 13 तिकडे ठेवले, 7 इकडे पाठवले. हेतू अगदी सरळ होता, इथले लोक काय नेसतात ते तिकडच्या गिरणीवाल्यांना घरबसल्या कळावं आणि तसंच कापड त्यांनी करून इथे विकावं. या संचांना तो चक्क म्युझियमच म्हणायचा, वीस म्युझियम! म्हणजे पुस्तकात म्युझियम, आणि मी बसलेय म्युझियममधल्या पुस्तकांत. सोबतच्या त्याच्या पुस्तकात लुंगीला डबल ओ आणि डबल ई, धोतीला डबल ई, साडीलाही डबल ई. ऐकलं तसं लिहिलं बिचाऱ्याने. पण आज तुम्ही एक ई कमी टाकलात की कंप्युटर म्हणतो नो रेकॉर्ड फाउंड, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा सातशे तुकड्यांचा खटाटोप एका ई पायी गायब.

अशा ऐकीव शब्दांचाच एक जाडजूड कोश आहे, हॉब्सन-जॉब्सन, 1886 चा. त्याचं नावच मुळात चुकीचं ऐकण्यातून आलंय, मोहरममधला 'या हसन, या हुसेन'चा घोष गोऱ्या सोल्जरांच्या कानात जाऊन हॉब्सन-जॉब्सन होऊन बाहेर पडला. त्या दिवशी मी खण विसरून दोन तास तोच वाचत होते, मामा दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेले.

पण सगळा दोष साहेबावर टाकणं बरोबर नाही. मी मॅडमना तावातावाने म्हटलं की ही लिपीच दळभद्री, आपल्या लिपीत असं होत नाही, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "मोडी वाचलीय का?" मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक पाळतच नाहीत, दोन शब्दांमधे जागाही सोडत नाहीत, कारकून हात न उचलता लिहीत गेला की गेला, मग दिन की दीन हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मधे निघालं तेव्हापासून लोक रुमालांत बांधलेल्या असल्या जुन्या कागदांशी झटतायत आणि माझं एका खणात डोकं फिरलं होतं. मी गप्प बसले.

दुसरी गंमत कपाटांची. पुस्तकांना ड्युईच्या पद्धतीचे नंबर आहेत, त्या अमेरिकन माणसाने 1876 मधे जगातलं सगळं ज्ञान दहा डब्यांत भरलं. त्यात माझ्या खणाची इतकी फरफट होते की विचारू नका. मागावर असेल तर 677, वस्त्रोद्योग. बाईने चोळी शिवून अंगात घातला की 391, पोशाख. म्युझियमच्या काचेत गेला की 746, कापडावरची कला. देवीच्या ओटीत पडला तर 294, धर्म. तेच हातभर कापड, पण त्याच्यासाठी मामांना चार कपाटं फिरायला लागतात, आणि मामांचे गुडघे दुखतात. मी आता चिठ्ठ्या कपाटांच्या क्रमाने लावून देते, तेवढीच माणुसकी. आपल्या रंगनाथन साहेबांनी 1931 मधे ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. मामांच्या गुडघ्यांसाठी एक सहावा हवा होता.

खण शेवटी सापडला का? अर्धा सापडला. मॅडम म्हणाल्या की आता वस्तू सोडा, गाव धरा. खणाचं गाव गुळेदगुड्ड, आपल्या बायकांच्या चोळ्यांचं कापड कित्येक पिढ्या त्या कानडी मुलखातून येतंय. पण गाव धरायचं तर जिल्हा कळायला हवा. आज ते बागलकोट जिल्ह्यात, तो झाला 1997 मधे, त्याआधी विजापूर, आणि त्याच्याही आधी कलादगी. राज्य म्हणाल तर आधी मुंबई, 1956 नंतर म्हैसूर, 1973 पासून कर्नाटक. गाव जागचं हललेलं नाही, लोक तिथेच बसून विणतायत, पण कॅटलॉगमधे ते सारखं घर बदलतंय. गॅझेटिअरचा विजापूरचा खंड 1884 चा, त्यात ते मिळालं, विणकरांचं गाव म्हणून. पिवळ्या पडलेल्या पानावर ते नाव दिसलं आणि मला उगीचच गावाकडचं कुणीतरी दादर स्टेशनवर भेटल्यासारखं झालं. आजीचे तिन्ही खण तिथलेच आहेत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पुढच्या शनिवारी एक खण सोबत नेला. मॅडमनी हात धुतले, पुसले, मगच घडी उघडली. रेशमी ताणा, सुती बाणा, आणि नक्षीतले ते बारीक बारीक रथ, 'तेरु' म्हणतात त्याला तिकडे, त्यांनीच सांगितलं. पेन्सिलीने माझ्या वहीत एक रथ काढूनही दिला.

जाताना मी त्यांना म्हटलं, मॅडम, एक काम करता का, कॅटलॉगमधे एक नोंद घाला ना, कुणी खण शोधला तर 'बॉडिस-क्लॉथ पहा' अशी, म्हणजे पुढच्या माणसाला अफझलखान नको. त्या म्हणाल्या छान आहे कल्पना, आणि माझ्यासमोरच टाइप करायला बसल्या. देवनागरी त्या रकान्यात चालेना, चौकोन उमटायला लागले. मग म्हणाल्या, रोमनमधे घालू, पण के एच ए एन नको, गोंधळ होतो, जीआय टॅगला, म्हणजे माल कुठल्या गावचा हे सांगणाऱ्या सरकारी नोंदीत, अधिकृत नाव 'गुळेदगुड्ड खणा' असं आहे तेच घेऊ. म्हणजे के एच ए एन ए. सेव्ह केलं. मी घरी आले, जेवताना सहज डोक्यात आलं आणि मोबाईलवर कॅटलॉग उघडून तीच पाच अक्षरं टाकली. पहिल्या नंबरला आमची नोंद होती, आणि तिच्या खाली मुघलांच्या मुदपाकखान्यावरची तीन पुस्तकं.